आतड्यातील दोन ग्राही : गॅडम–पिकारेल्ली प्रयोगाचे (१९५७) ऐतिहासिक महत्त्व

सेरोटोनिनचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मेंदूकडे जाते. वस्तुतः त्याचे ग्राही एकाहून अधिक प्रकारचे आहेत, हे आतड्यावरील प्रयोगांतून उलगडले.

सेरोटोनिनमुळे आतडे आकुंचन पावते, हे ज्ञात होते. परंतु ते स्नायूवर कार्य करते की मज्जातंतूवर, हा प्रश्न होता. १९५७ मध्ये जॉन गॅडम व झुलेइका पिकारेल्ली यांनी गिनिपिगच्या लहान आतड्याचा तुकडा क्षारद्रावणात टांगून त्याचा शोध घेतला. डायबेन्झिलीन दिल्यावर आकुंचन अंशतःच थांबे. उरलेले आकुंचन मॉर्फिनने नाहीसे होई, तसेच ॲट्रोपिननेही. ॲट्रोपिन हे ॲसिटिलकोलिनला अडवणारे द्रव्य. यावरून सेरोटोनिन मज्जातंतूस चेतवते आणि त्यातून सुटलेले ॲसिटिलकोलिन स्नायूस आकुंचित करते, असा अर्थ लागला. स्नायूवरील ग्राहीस ‘डी’ व मज्जातंतूवरील ग्राहीस ‘एम’ ही नावे त्या औषधांच्या आद्याक्षरांवरून दिली गेली.

यातील ‘एम’ हे नाव मात्र फसवे ठरले. मॉर्फिन त्या ग्राहीस अडवत नाही. ते मज्जातंतूतून ॲसिटिलकोलिन सुटण्यास अटकाव करते, असे विल्यम पेटन यांनी त्याच वर्षी दाखविले. तरीही मूळ विभागणी टिकली, हे प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचे वाटते. १९८६ च्या नामकरणात ‘एम’ ग्राही ५-एचटी३ झाला. कर्करोगावरील रसायनोपचारात ओकारी रोखणारे ऑन्डान्सेट्रॉन यालाच अडवते. त्यामुळे काही रुग्णांस बद्धकोष्ठही होतो.