सफाईचे मोल आणि दलाली

कचेऱ्या-दुकानांची झाडलोट पत्करणाऱ्या छोट्या व्यावसायिकापुढे नेहमीचा पेच असतो: नवी गिऱ्हाइके आणणाऱ्याला पगार द्यावा की दलाली? याचा एक मासला इंदूरच्याच इतिहासात आहे.

तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस येथे आले. प्लेगचे दिवस होते. दिवाळीच्या सोहळ्यासाठी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेऊन त्यांनी जाहीर केले की, मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, जेथली घरे अधिक स्वच्छ त्याच रस्त्याने जाईल. मग काय, घरोघरचा कचरा गाड्यांवर चढला! मिरवणुकीत झाडूवाले शुभ्र पोशाखात, फुले खोवून चालले. गेडिसांचा १९१८ चा अहवाल विद्वान वाचतात. मला ही युक्तीच अधिक शहाणपणाची वाटते. मान वचनाला नव्हता, झाडलेल्या अंगणाला होता.

करार होताच सारी दलाली हाती पडली, तर विक्रेता भलती आश्वासने देऊन मोकळा होतो. बोलणी झाडूवाला खातो. त्यापेक्षा पोटापुरता पगार द्यावा, आणि गिऱ्हाईक टिकेल तोवर दरमहा वसूल झालेल्या बिलात हिस्सा. वसुली अडली, तर आधी झाडूवाल्यांचा रोज चुकवावा, हिस्सा मागाहून.