घाटाचा उतार आणि ब्रेकची मर्यादा

खडकीवरून मुंबईकडे रस्ताही जातो आणि लोहमार्गही; आणि दोघांनाही बोरघाट उतरावाच लागतो. घाट चढण्याचें कौतुक पुष्कळ झालें आहे. आज उतरण्याविषयीं, म्हणजे ब्रेकविषयीं, बोलावयाचें आहे. कारण झिजलेला ब्रेक केव्हां बदलावा, या प्रश्नाचें उत्तर या घाटानें फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली आणि लवकरच पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. मुंबई व दख्खन यांमधील घाटरस्ता १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला. त्या काळच्या गाडीचा ब्रेक म्हणजे चाकाच्या धांवेवर दाबावयाचा लाकडी ठोकळा. तो झिजला कीं हांकणाऱ्याला डोळ्यांनीं दिसे.

१८६३ सालीं आगगाडी घाटांतून धांवूं लागली. सदतीस फुटांस एक फूट असा तो उतार! तेथें रेल्वेनें उलट चढाचे फांटे ठेविले. उतरणाऱ्या गाडीनें ठरल्या जागीं थांबून आपण ताब्यांत आहों हें सिद्ध करावें, मगच पुढची वाट मोकळी. न थांबल्यास ती फांट्यावर चढून थबकावी. ब्रेकची परीक्षा संकटापूर्वीं व्हावी, हा धडा त्यांत आहे.

मोटारीला असा पहारेकरी नाहीं. १८९७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थानें लाकडाऐवजीं टिकाऊ घर्षण-अस्तर बनविलें. १९०२ सालीं लँचेस्टर यांनीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें; १९५३ सालीं ल मान्सची शर्यत जग्वार मोटारीनें तसल्याच ब्रेकांवर जिंकली. तेव्हांपासून तबकडीस दोहों बाजूंनीं चिमटणारे पॅड हेंच वेगवान मोटारीचें शस्त्र झालें. पण ते चाकाआड दडलेले असतात. झीज सहजीं दिसत नाहीं.

बाराशें किलोची मोटार पांचशें मीटर खालीं उतरली कीं सुमारें अठरा लिटर थंड पाण्यास उकळी येईल इतकी शक्ति मोकळी होते. इंजिनानें अडविली नाहीं तर तिचा बराच भाग ब्रेकांतच उष्णता होऊन उतरतो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याचें काम चौपट होतें. पॅड हा घर्षणाचा तसाच उष्णतेच्या आडोशाचाही पदार्थ आहे. तो पातळ झाला कीं उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोंचते. तेल उकळून वाफ होते आणि पायाखालचें पेडल पोकळ होऊन खालीं जातें.

म्हणून नव्या पॅडची दहा-बारा मिलिमीटर जाडी तीनवर आली कीं नित्याच्या गाडीनेंही ते बदलावेत. शर्यतीच्या वा घाटाच्या वेगवान प्रवासास निघणाऱ्यानें निम्मी जाडी उरली असतांनाच बदलणें शहाणपणाचें. आंतला पॅड बहुधा अधिक झिजतो. तोही पाहावा, आणि एका आंसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत. कांहीं पॅडांना धातूची जीभ असते. झीज झाली कीं ती तबकडीस लागून किंचाळते. लोखंडावर लोखंड खरडल्याचा आवाज मात्र इशारा नव्हे. तो उशीर झाल्याची वर्दी आहे.

घाटानें आगगाडीस आधीं थांबून दाखवावयास लावलें. मोटारवाल्यानें तीच शिस्त खडकी सोडण्यापूर्वीं, सपाटीवरच पाळावी.