झरणीची शाई आणि कागदाचा पुरावा

ऐतिहासिक कागदाची परीक्षा करितांना आपले संशोधक अक्षरवळण, मायना, शिक्का, कागदाचा पोत आणि मित्या या गोष्टी बारकाईनें पाहतात; परंतु तो कागद कोणत्या लेखणीनें व कोणत्या शाईनें लिहिला, याचा विचार क्वचितच होतो. पेशवेकालीन कागदांपुरतें हें चालून गेलें. कारण तेथें बोरू आणि काजळाची शाई हें साधन बहुधा ठरलेलेंच. पुढील काळाचे कागद मात्र आतां संग्रहांत येऊं लागले आहेत. पुढाऱ्यांचीं पत्रें, ग्रंथकारांचे खर्डे, संस्थानी पत्रव्यवहार आणि खुद्द संशोधकांनीं अस्सलांवरून उतरून घेतलेल्या नकला, यांपैकीं विसाव्या शतकांतील पुष्कळसें लेखन फाउंटनपेनचें, म्हणजे ज्यास कोणी झरणी असें नांव दिलें त्या लेखणीचें आहे. लेखणी बदलली म्हणून शाई बदलली, आणि शाई बदलल्यामुळें कागदाची साक्ष व कागदाचें आयुष्य हीं दोन्ही बदललीं. हा कार्यकारणसंबंध दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुन्या साधनांचा विचार करूं. बोरू म्हणजे टोंकाशीं तिरकस छाटून मधोमध चीर दिलेली पोकळ काडी. शाई करावयाची ती दिव्याचें काजळ डिंकाच्या पाण्यांत पुष्कळ वेळ खलून. लेखनसाहित्याची ही निगा आपल्याकडे किती महत्त्वाची मानीत, हें पाहावयाचें असल्यास दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास पाहावा. तो सबंध समास लेखनक्रियेसच वाहिलेला आहे. काजळ हा केवळ कोळसा होय. त्यावर उजेडाचा परिणाम होत नाहीं, हवेचाही होत नाहीं; म्हणून तीनशें वर्षांपूर्वींचें मोडी पत्र आजही काळेंभोर दिसतें. मात्र काजळाचे कण कागदाच्या पृष्ठभागावर डिंकाच्या आधारानें बसलेले असतात. पाणी लागलें कीं डिंक सुटतो आणि अक्षर फिसकटतें. या शाईचा वैरी पाणी, उजेड नव्हे.

दुसरी प्राचीन शाई मायफळ व हिराकस यांची. यूरोपांत मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हिचेंच राज्य होतें. मायफळांतील तुरट द्रव्य व हिराकसांतील लोह यांचा संयोग होतो; हवा लागतांच तो काळा पडतो आणि कागदाच्या तंतूंत मुरून बसतो. ताजी शाई फिकी दिसते, म्हणून ती लिहितांना दिसावी यासाठीं तींत निळा रंग मिसळीत. लिहितांना निळी आणि पुढें काळी होणारी जी ‘ब्ल्यू-ब्लॅक’ शाई, तिचें मूळ येथें आहे. ही पाण्यास दाद देत नाहीं. पण तींत आम्ल असतें, आणि हिराकस प्रमाणाबाहेर पडल्यास अक्षराखालचा कागद तपकिरी होऊन जळल्यासारखा तुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बर्मिंगहॅम येथें यंत्रावर पोलादी निबें काढूं लागले, तेव्हां याच आम्लानें तीं निबें खाऊन टाकलीं. टाकाचें निब म्हणून वरचेवर बदलावें लागे.

आतां झरणीकडे वळूं. पोटांत शाई बाळगणाऱ्या लेखणीचे प्रयत्न जुने आहेत; पेत्राके पोएनारू या रुमानियन गृहस्थानें इ. स. १८२७ मध्यें पॅरिस येथें अशा लेखणीचा परवाना घेतला होता. परंतु शाई एकदम ओघळावी अथवा मुळींच उतरूं नये, हा दोष पुष्कळ वर्षें गेला नाहीं. अमेरिकेंतील लुईस वॉटरमन यानें इ. स. १८८४ मध्यें घेतलेल्या परवान्यांत, निबाखालच्या पट्टींत बारीक चिरा पाडून शाई खालीं व हवा वर अशी देवघेव साधली. विम्याच्या करारावर डाग पडून गिऱ्हाईक गेलें, म्हणून त्यास ही युक्ति सुचली, अशी एक कथा सांगतात. तिला तत्कालीन कागदांचा आधार नाहीं. ती मागाहून जाहिरातींतून पसरली. इतिहासज्ञांनीं ती आख्यायिकेच्याच सदरांत ठेवावी.

या बारीक चिरांतच आमच्या विषयाचें मर्म आहे. काजळाची शाई त्यांत घातली तर कण बसून वाट बुजते. लोहाच्या शाईचाही गाळ धरतो, आणि तिचें आम्ल पोलादास सोडीत नाहीं. म्हणून झरणीचें निब चौदा कॅरट सोन्याचें करून त्याच्या टोंकास ऑस्मियम-इरिडियम या अतिकठिण मिश्रधातूचा कण जोडीत. परंतु सर्वांत सोपा उपाय म्हणजे शाईच बदलणें. इ. स. १८५६ मध्यें पर्किन यानें लंडनमध्यें पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. त्यामागून डामरापासून काढलेले नाना रंग निघाले. हे रंग पाण्यांत पूर्ण विरघळतात, गाळ धरीत नाहींत, निबास खात नाहींत. पार्कर कंपनीनें इ. स. १९३१ मध्यें काढलेली ‘क्विंक’ ही अशाच रंगशाईंपैकीं प्रसिद्ध होय. लेखणीची सोय झाली. पण रंग उजेडांत उडतो आणि पाण्यांत धुऊन जातो. ‘ब्ल्यू-ब्लॅक’ हें नांव पुढें लोह नसलेल्या शाईसही राहिलें, हें संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

आपल्या देशांत स्वदेशीच्या चळवळीनें या धंद्यास जोर दिला. राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनीं इ. स. १९३२ पासून देशी झरण्या केल्या. त्यांपैकीं एक महात्मा गांधींस वर्ध्याच्या मुक्कामीं पोंचली व त्यांनीं इ. स. १९३५ मध्यें पसंतीचें पत्र धाडलें. बंगालमध्यें राजशाही येथें इ. स. १९३४ मध्यें मैत्र बंधूंची ‘सुलेखा’ शाई निघाली. मुंबईस दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं इ. स. १९३१ मध्यें ‘हॉर्स ब्रँड’ शाईची भुकटी व वड्या विकावयास आरंभ केला. त्याच उद्योगाचें पुढें ‘कॅम्लिन’ झालें. तेव्हां त्या दशकापासूनच्या मराठी कागदांवर परदेशी शाईच असेल असें गृहीत धरून चालणार नाहीं.

परीक्षकास यांतून कांहीं खुणा मिळतात. बोरू वारंवार बुडवावा लागतो; म्हणून कांहीं शब्दांनीं शाई फिकी होत जाते व पुन्हां एकदम गडद होते. झरणीची शाई पानभर एकसारखी वाहते. बोरूच्या रेघेची जाडी हाताच्या दिशेनें बदलते, टोंकदार पोलादी निबाची दाबानें, आणि इरिडियमच्या वाटोळ्या टोंकाची फारशी बदलत नाहीं. दाब पडला कीं पोलादी निबाच्या दोन पात्या फांकून कागदावर दोन समांतर चरे पडतात. भिंगाखालीं ते स्पष्ट दिसतात. सवाई माधवरावांच्या काळचें म्हणून पुढें केलेल्या मोडी पत्रांत असे चरे दिसले, तर तें अस्सल मानण्यापूर्वीं थांबावें. शाईंत डामराचा रंग सिद्ध झाला, तर तें लेखन इ. स. १८५६ पूर्वींचें असूंच शकत नाहीं.

याहून महत्त्वाचा प्रश्न जतनाचा. ज्या अस्सलांचा पुढें नाश झाला, त्यांच्या नकला हेंच आतां साधन. ती नकल रंगशाईची असेल, तर मूळ कागदापेक्षां तिचेंच आयुष्य कमी, असा विपरीत प्रकार होतो. फाटका कागद खळ लावून कापडावर चिकटविण्याची रीत दप्तरांत होती. रंगशाईच्या कागदावर ती केल्यास अक्षर राहणार नाहीं. तेव्हां ओल्या दुरुस्तीपूर्वीं एखाद्या बिनमहत्त्वाच्या टिंबावर पाण्याचा सूक्ष्म थेंब टेकवून टीपकागदानें टिपावा. रंग उतरला तर काम तेथेंच थांबवावें. अशा कागदांचें छायाचित्र प्रथम घ्यावें, ते भिंतीवर चौकटींत लावूं नयेत, आणि अस्सलावर क्रमांक अथवा टीपा घालावयाच्या त्या झरणीनें न घालतां शिसपेनीनें घालाव्या.

हल्लीं जुन्या झरण्या, निबें व शाईच्या बाटल्या जमविणारे रसिक पुष्कळ झाले आहेत. कोणती शाई कोणत्या सालीं निघाली व कोणतें निब कशी रेघ काढतें, याचें त्यांचें ज्ञान आमच्या कामाचें आहे. त्यास छंद म्हणून बाजूस सारणें योग्य नव्हे. जपानी कारखान्यांनीं तर काजळाचे अतिसूक्ष्म कण करून झरणींत चालेल अशी शाई सिद्ध केली आहे. म्हणजे जें काजळ या लेखणीनें घालविलें, तेंच तिच्यांत परत आलें. नव्या नकला ज्यांस हातानें करावयाच्या असतील त्यांनीं ती वापरावी. आणि संग्राहकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, यादी करितांना कागदाची लांबीरुंदी लिहितात त्याच ओळींत लेखणी व शाई यांचाही उल्लेख करावा. अक्षर दिसत आहे तोंवरच ही नोंद करतां येते.