जोसेफ ब्लॅक आणि अप्रकट उष्मा : वर्गातून प्रसृत झालेल्या शोधाचा इतिहास

स्थायू पदार्थ तापविला की वितळतो, हे मानवास धातू वितळवू लागल्यापासून ज्ञात आहे. वितळताना नेमकी किती उष्णता खर्ची पडते, हा प्रश्न मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी फारसा विचारला नव्हता. द्रवणांकापर्यंत तापलेला पदार्थ आणखी किंचित उष्णतेने द्रवरूप होतो, असा सर्वसाधारण समज होता. ग्लासगो विद्यापीठातील अध्यापक जोसेफ ब्लॅक (१७२८-१७९९) यांनी तो खोडून काढला. त्या शोधाचा व त्याच्या श्रेयाच्या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

ब्लॅक यांचा युक्तिवाद साधा होता. हा समज खरा असता, तर वसंतात हवा जराशी उबदार होताच डोंगरांवरील सारा बर्फ एकदम वितळून भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात तो कित्येक आठवडे टिकतो. १७६१ च्या अखेरीस त्यांनी दोन सारख्या काचगोलांत प्रत्येकी पाच औंस पाणी घेतले. एकातील पाणी गोठविले, दुसऱ्यातील ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केले आणि दोन्ही गोल ४७ अंश तापमानाच्या दालनात टांगले. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आले. बर्फाच्या गोलास तेथवर येण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. दर अर्ध्या तासास ७ अंश या हिशेबाने १४७ अंशांइतकी उष्णता त्यात शिरली होती. त्यांपैकी तापमापकावर दिसले केवळ ८ अंश. उरलेले १३९ वितळण्यातच खर्च झाले होते. दोन्ही गोल सारख्याच वेगाने उष्णता घेतात हे गृहीतक काटेकोर नव्हते, कारण ३२ अंशांवर स्थिर राहणारा बर्फ ती किंचित अधिक वेगाने घेतो. तरीही आजचे सुमारे १४४ अंशांचे मूल्य पाहता हे उत्तर आश्चर्यकारक आहे. तापमान आणि उष्णतेचे प्रमाण या दोन भिन्न राशी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

२३ एप्रिल १७६२ रोजी ब्लॅक यांनी ग्लासगोच्या विद्वन्मंडळात हा निष्कर्ष वाचला. छापला मात्र नाही. पुढे १७६६ पासून एडिंबरो येथे ते तो दरवर्षी वर्गात शिकवीत राहिले. विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांतून तो दूरवर पोचला. दरम्यान १७७२ मध्ये स्वीडनच्या योहान विल्के यांनी गरम पाण्यात बर्फ मिसळून ७२ अंश सेल्सिअस (आजचे मूल्य सुमारे ८०) हे मूल्य काढले व रीतसर प्रसिद्ध केले. छापील पुरावा हीच कसोटी मानल्यास श्रेय विल्के यांना जाते. परंतु शोधाच्या इतिहासातून अध्यापनच वगळावे, असा त्याचा अर्थ होईल व ते योग्य ठरणार नाही. अर्थात या वादास ब्लॅक यांचे मौनच कारणीभूत आहे, हेही मान्य करावे लागते.

त्यांची व्याख्याने छापली गेली ती मृत्यूनंतर, १८०३ मध्ये. संपादक जॉन रॉबिसन हे त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी. जेम्स वॉट यांच्या बाष्पयंत्रातील सुधारणांचे मूळ ब्लॅक यांच्या शिकवणुकीत आहे, असे रॉबिसन यांनी मांडले. वॉट यांनी ब्लॅक यांचे ऋण मानले, परंतु स्वतंत्र संघनकाची कल्पना अप्रकट उष्म्याच्या सिद्धान्तावरून सुचली नव्हती, असा खुलासा त्यांनी स्वतःच केला.