मातीतील प्रायॉनचे नैसर्गिक विघटन

प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेले संसर्गक्षम प्रथिन. त्यात डीएनए किंवा आरएनए नसते. तरीही ते मेंदूतील निरोगी प्रथिनांना स्वतःसारखा विकृत आकार घ्यायला लावते. ही संज्ञा अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये रूढ केली. मेंढ्यांमधील स्क्रेपी आणि उत्तर अमेरिकेतील हरणांमधील ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हे प्राणघातक रोग प्रायॉनमुळेच होतात. रोगी जनावराची लाळ, मूत्र व विष्ठा, तसेच कुजणारे कलेवर यांतून प्रायॉन मातीत उतरतात.

तेथे ते किती काळ टिकतात, यावर त्या जमिनीत पुन्हा जनावरे सोडायची की नाही, हे ठरते. आइसलँडमध्ये १९७८ पासून स्क्रेपीग्रस्त कळप मारून, गोठे निर्जंतुक करून दोन-तीन वर्षांनी नवी कोकरे आणली गेली. तरीही २००४ पर्यंत ३३ शेतांवर रोग परतला. एका शेतावर तर तो १८ वर्षांनी उद्भवला. त्याआधी दोन वर्षे काही कोकरे कधीही निर्जंतुक न केलेल्या जुन्या गोठ्यात ठेवली होती. रोगकारक तेथे किमान १६ वर्षे टिकला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

मातीचा प्रकार यात निर्णायक ठरतो. माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज प्रायॉनला घट्ट धरून ठेवते. दख्खनच्या काळ्या मातीला फुगण्याचा व भेगाळण्याचा गुण देणाऱ्या खनिजांच्याच गटातले हे खनिज. धरून ठेवणे म्हणजे निष्प्रभ करणे नव्हे. हॅमस्टरवरील प्रयोगात या खनिजाला चिकटलेले प्रायॉन तोंडावाटे दिले असता त्यांची संसर्गक्षमता सुट्या प्रायॉनपेक्षा ६८० पट आढळली.

याउलट, कुजलेल्या वनस्पतींपासून बनणारी ह्युमिक आम्ले प्रायॉनचे विघटन करतात, असे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. मँगनीज ऑक्साइड व काही दगडफुलांतील विकरे यांचाही असाच परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. माती वारंवार भिजून वाळल्यानेही प्रायॉनचे प्रमाण घटते. त्यामुळे सेंद्रिय अंश भरपूर असलेल्या जमिनीत प्रायॉनचा नाश लवकर होण्याची शक्यता अधिक, चिकणमातीत कमी. मात्र प्रयोगशाळेतील आम्लांचे प्रमाण व प्रत्यक्ष कुरणातील प्रमाण एकच नसते. शिवाय चरताना हरणे मातीही गिळतात.