सिरिंज मिळणार नाही

नोव्हेंबर 1983. तुम्ही एडिनबराच्या उत्तर टोकाला आहात, मुइरहाउस नावाच्या सरकारी वसाहतीत. समुद्रावरून येणारा वारा कोटाच्या बाह्यांत शिरतोय. भर दुपारी कोपऱ्याकोपऱ्यावर तरणी पोरं रिकामी उभी आहेत, तेव्हा कामधंद्याचं काय झालंय ते विचारायला नको. हेरॉइन मात्र हवं तेवढं. इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यातून येणारी ही भुकटी आणि मुंबईत याच सुमारास पसरू लागलेला गर्द, दोन्ही एकाच घराण्यातले. मुंबईचा गर्दुल्ला बहुतेक वेळा पन्नीवर धूर ओढतो. इथली पोरं शिरेत टोचून घेतात.

तुम्ही केमिस्टच्या दुकानात शिरता आणि सिरिंज मागता. पांढऱ्या कोटातला माणूस आधी तुमच्या बाह्यांकडे बघतो.

"मधुमेह आहे? डॉक्टरांची चिठ्ठी?"

नाही.

"मग नाही देता येणार."

तो दुष्ट नाही. सिरिंज विकायला कायद्याची बंदीही नाही. पण औषधविक्रेत्यांच्या संस्थेनं, फार्मास्युटिकल सोसायटीनं, गेल्या वर्षी सल्ला दिलाय की खऱ्या रुग्णालाच सिरिंज विका. ब्रेड स्ट्रीटवरच्या एका दुकानात पूर्वी सिरिंजा सहज मिळायच्या, ती विक्रीही थांबली आहे. पोलिसांना खिशात सिरिंज सापडली की जप्त होते, त्यामुळे स्वतःची जवळ बाळगायला कुणी धजत नाही. सुई नाही म्हणून नशा सुटेल, असा हा हिशेब. ज्यानं तो मांडला, त्यानं तलफ आलेला माणूस जवळून पाहिलेला नसणार.

जिना चढून एका फ्लॅटमध्ये या. खोलीत बरीच मंडळी आहेत आणि सिरिंज एकच. सुई बोथट झाली आहे. एकाचं झालं की कपातल्या पाण्यात बुचकळायची आणि पुढच्याच्या हाती द्यायची. पाणी हळूहळू गुलाबी होत चाललंय. तुम्हाला ओरडावंसं वाटतं. पण काय म्हणून ओरडाल? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी एड्सचा विषाणू याच वर्षी वेगळा काढलाय, त्याची चाचणी अजून निघायची आहे आणि एचआयव्ही हे नाव पडायला अडीच वर्षं आहेत. इथल्या लोकांना धास्ती आहे ती काविळीची. वसाहतीतले तरुण डॉक्टर रॉय रॉबर्टसन हेपटायटिस बी तपासण्यासाठी या पोरांचं रक्त घेतात आणि उरलेले नमुने गोठवून ठेवले जातात.

हे नमुने 1985 मध्ये बाहेर येतात. आता चाचणी आली आहे. प्रयोगशाळेत उभे राहा आणि निकाल एकेक करून ऐका. फेब्रुवारी 1986 मध्ये रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आकडा छापतात: तपासलेल्या 164 जणांपैकी 51 टक्के बाधित. जुन्या नमुन्यांमुळे साथीचं मूळही सापडतं. विषाणू पसरू लागला तो 1983 च्या सुमारास, म्हणजे तुम्ही काउंटरवरून हात हलवत परतलात तेव्हाच. वर्तमानपत्रं शहराला युरोपची एड्स-राजधानी म्हणू लागतात.

आता वेव्हर्ली स्टेशनवरून ग्लासगोची गाडी पकडा. तासाभराचा प्रवास आहे. तीच बेकारी, तेच हेरॉइन आणि टोचून घेणारे इथे जास्तच. तरी बाधित मात्र शंभरात पाचाच्या आसपास. इथे काही केमिस्ट सिरिंज विकत राहिले होते. एवढ्या मोठ्या फरकाला एकच कारण नसतं, हे कबूल. पण दुकानांचा आणि पोलिसांचा वाटा नाकारायला फार चलाखी लागेल.

1986 च्या सप्टेंबरात रक्तपेढीचे डॉक्टर मॅक्लेलंड यांची समिती स्पष्टच सांगते: जे नशा सोडू शकत नाहीत किंवा सोडणार नाहीत, त्यांना स्वच्छ सुया द्या. याच वर्षी फार्मास्युटिकल सोसायटी आपला निर्बंध मागे घेते आणि पुढच्या वर्षी सुया बदलून देणारी सरकारी प्रायोगिक केंद्रं सुरू होतात. (पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेही 1986 मध्येच. सोडायची इच्छा असलेल्याला त्यानं दार उघडलं. मॅक्लेलंड यांना चिंता होती ती अजून त्या दारापर्यंत न पोचलेल्याची. त्याच्या वाट्याला प्रवचन येतं, आणि प्रवचनानं रक्त निर्जंतुक होत नाही.)

शेवटचा मुक्काम ग्लासगो सेंट्रल स्टेशन, 2017. मुलूख तोच, पण आता औषधांच्या दुकानांतून नव्या सुया फुकट मिळणं नेहमीचं झालंय. स्टेशनातल्या दुकानातली अशी सेवा तर शहरात सर्वात वर्दळीची मानली जायची. शहराच्या मध्यभागी बेघर, कोकेन टोचून घेणाऱ्या लोकांमध्ये 2015 पासून एचआयव्हीची नवी साथ चालू आहे, रुग्ण शंभराच्या वर गेलेत. आणि नेमकी याच वेळी ही सेवा बंद होते. स्टेशनात वापरलेल्या सुया सापडल्या म्हणून स्टेशन चालवणाऱ्या नेटवर्क रेलनं ती थांबवली. आरोग्य मंडळानं विरोध केला, पण उपयोग झाला नाही. 1983 च्या केमिस्टला पुढचं ठाऊक नव्हतं. ही सबब 2017 मध्ये कुणालाच उरली नव्हती.

जानेवारी 2025 मध्ये याच ग्लासगोत 'द थिसल' सुरू झालं. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत, निर्जंतुक सुईनं नशा टोचून घेता येईल असं ते ब्रिटनमधलं पहिलं अधिकृत केंद्र.