कागद सभेपुढे ठेवणे



इतिहास मंडळाच्या सभेत तत्त्वज्ञानाच्या मास्तराला का उभं केलं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. माझ्या परीने त्याचं उत्तर असं आहे. इतिहासात काय घडलं हे इतिहासकार सांगतील. पण ‘घडलं’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो, हा प्रश्न आमच्या शास्त्राचा आहे. आणि हा अधिकार सभेतून मिळतो, असं मला आज मांडायचं आहे.

7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे त्याचे संस्थापक. तोवर राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळत होतेच. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला होता. मग मंडळ कशाला हवं होतं? एकट्या माणसाला कागद सापडू शकतो, वाचता येऊ शकतो, छापताही येतो. पण आपण तो बरोबर वाचला की नाही, हे त्याचं त्याला पूर्णपणे ठरवता येत नाही. त्यासाठी समोर दुसरा जाणकार बसलेला लागतो. म्हणून मंडळाने सभा भरवल्या, निबंध वाचले, संमेलनं घेतली, आणि त्यांची वृत्तं छापून ठेवली. छापील वृत्ताचं महत्त्व मोठं आहे. सभेला जो हजर नव्हता, त्यालाही मग प्रश्न विचारता येतो.

आता एक उदाहरण घेऊ. शिवछत्रपतींचा जन्म कधीचा? उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके 1549 चा वैशाख, म्हणजे 1627, असं बराच काळ धरलं जात होतं. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, आणि 1916 साली ती मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. शकावली म्हणजे सालवार नोंदींची यादी. तिच्यात अलंकार नाही, रसाळपणा नाही. या यादीत जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, असा दिला आहे. शके 1551 च्या अखेरीचा फाल्गुन इसवी सनात 1630 मध्ये पडतो. ज्युलियन गणनेने ती तारीख 19 फेब्रुवारी 1630 येते.

म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा फरक झाला! साहजिकच एका यादीवर सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि ठेवू नये हेच योग्य होतं. शकावलीत नुसती तिथी नाही, वार शुक्रवार आहे, नक्षत्रही दिलेलं आहे. तिथी, वार, नक्षत्र यांचा मेळ बसतो का, हे गणिताने तपासता येतं. कुणी मनाने तिथी ठोकून दिली असती, तर वार चुकण्याचाच संभव अधिक. इथे शुक्रवार जुळतो.

पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांना तंजावरात कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी मिळाली. 1927 मध्ये ते काव्य प्रसिद्ध झालं. त्यातही शके 1551 च्या फाल्गुनातलीच तिथी आहे. जोधपूरकडच्या एका संग्रहात सापडलेली जन्मपत्रिकाही तेच सांगते. मावळातलं देशमुखांचं घर, तंजावरची पोथी आणि राजस्थानातली पत्रिका, या तिघांनी एकमेकांचं पाहून लिहिण्याचा संभव फारच थोडा. उलट दहा बखरी एकीवरून एक उतरल्या असतील, तर ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार दहा वेळा बोलतो आहे. साक्षी मोजायच्या नसतात, त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का हे पाहायचं असतं. पुढे महाराष्ट्र शासनानेही 19 फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. तिथीने जयंती करणारे आहेतच, पण तो वाद कालगणनेचा आहे, वर्षाचा नाही.

आमच्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते ठरवण्यासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची कुठलीच बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा. इतिहास मंडळाची सभा वादासाठी असते. वादात हरणाऱ्याचाही फायदा होतो, कारण घरी जाताना तो आधीपेक्षा थोडं खरं घेऊन जातो.

आता आपल्याकडे बघा. आपल्या गावोगावच्या सभांत वक्त्याचा परिचय वीस मिनिटं चालतो, सत्कार होतो, व्याख्यान रंगतं, आणि मग सूत्रसंचालक सांगतात, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.’ अहो, इथेच तर सभा सुरू व्हायची असते! प्रश्न कापले की उरतं ते कीर्तन. कीर्तनाला माझा विरोध नाही, पण त्याला संशोधन म्हणू नये. आज मोबाईलवर इतिहासाचे संदेश रोज येतात, आणि त्यांना उलट प्रश्न विचारायला समोर कुणी बसलेलं नसतं. म्हणून छोट्या मंडळांची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे असं मला वाटतं.

तेव्हा मंडळाच्या तरुण सभासदांना माझी विनंती अशी. जो दावा करेल त्याने मूळ कागद, निदान त्याचं स्वच्छ छायाचित्र, सभेपुढे ठेवावं. कागद कुठल्या घरातला, त्या घराचा त्यात हितसंबंध काय, हे आधी सांगावं. वतनाच्या भांडणासाठी जपलेला कागद खोटाच असतो असं नाही, पण तो कशासाठी जपला हे ठाऊक हवं. मोडी वाचणारे किमान दोघे असावेत आणि त्यांनी वेगवेगळं वाचावं. आणि सभेत जो आक्षेप निघेल तो वृत्तात नोंदवावा, आक्षेप घेणारा कितीही लहान असो.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरं आहेत त्यांनाही हात जोडून सांगतो. वाळवी आणि रद्दीवाला दोघेही सभेची वाट पाहत नाहीत. त्या कागदात तुमच्या पूर्वजांची थोरवी निघेलच असं नाही, कदाचित एखादं कर्ज निघेल, एखादी हार निघेल. तरीही तो आणा. जेध्यांच्या घराने कोरड्या नोंदींची ती यादी जपली नसती, तर आपण आजही चुकीचं वर्ष छातीठोकपणे सांगत राहिलो असतो.

माझं बोलणं इथे थांबवतो. अध्यक्षांनी अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे, तो पुरता वापरावा.